'मले नाही जमत जी' हे वाक्य कोणाचे?



गेल्या वर्षी मृगाच्या आधी सेलू तालुक्यातल्या एका गावात ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. पेरणी अजून व्हायची होती, त्यामुळे बाया जरा मोकळ्या होत्या. समाजमंदिराच्या ओसरीत पंचवीस-तीस जणी जमल्या. गावातल्या सगळ्या बचत गटांच्या मिळून झालेल्या ग्रामसंघाची अध्यक्ष निवडायची होती. प्रत्येकीच्या मनात एकच नाव होते. ही बाई चाळिशीतली, सहावीपर्यंत शिकलेली. तीन गटांचे हिशेब तिला तोंडपाठ. कोणाचा कोणता हप्ता थकला, कोणी लग्नासाठी उचल घेतली, कोणी खतासाठी, हे वही न उघडता सांगणारी. बँकेच्या पासबुकात एकदा रक्कम चुकीची पडली होती, ती चूकही हिनेच पकडली होती.

नाव पुकारताच तिने पदर तोंडावर ओढला. "मले नाही जमत जी. मी कायले अध्यक्ष होऊ? मले काई येते का?"

मग मी बोलायला उभी राहिले. दहा वर्षे हेच करत आले आहे. बाईने स्वतःला कमी लेखू नये, आपल्यातली ताकद ओळखावी, पहिले पाऊल टाकले की रस्ता दिसतो, वगैरे सगळे सांगितले. बाया माना डोलावत होत्या. ती शांतपणे ऐकत होती. माझे संपल्यावर म्हणाली, "ताई, एक इचारू का? राग नोका धरू. तुमच्या हापिसातली पोरगी सांगून रायली होती, तुमालेबी मोठ्या म्याडमची जागा देऊन रायले होते म्हने. तुमी नाही म्हनलं. काऊन जी? तुमी तं एवढ्या शिकल्या."

सगळ्या हसल्या. मीही हसले. परतताना एस.टी.त मात्र मला हसू येईना.

तिचे म्हणणे खरे होते. दोन महिन्यांपूर्वी आमच्या संस्थेतल्या ज्येष्ठ ताईंनी जिल्ह्याच्या कामाची सगळी जबाबदारी मी घ्यावी असे सुचवले होते. 'विचार करून सांगते' असेही मी म्हटले नाही. एका मिनिटात 'नाही, मला जमणार नाही' म्हणून मोकळी झाले. ताईंना तो माझा विनय वाटला, मलाही तसाच वाटला. त्या ओसरीत मला कळले की माझे आणि त्या बाईचे वाक्य एकच आहे. तिचे वऱ्हाडीत, माझे पुस्तकी मराठीत, एवढाच काय तो फरक. तिच्या नकाराला मी 'न्यूनगंड' म्हणत होते. स्वतःच्या नकाराला 'विनय' म्हणत होते.

म्हणून हा लेख. शिबिरांतून आपण ज्याला 'आत्मविश्वासाचा अभाव' म्हणतो तो नेमका काय असतो, कुठून येतो आणि तो घालवण्यासाठी आपण जे करतो त्याने खरोखर काही होते का, याबद्दल स्वतःला धरून बोलायचे आहे.

सवय कोणाला मिळते?

मी याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाढले. माझा भाऊ दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून बाबा त्याला कृषी केंद्रात पाठवत. बियाण्याची पिशवी आण, उरलेले पैसे मोजून घे. एकदा तो पन्नासाची नोट हरवून आला. बाबा रागावले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यालाच पाठवले. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, गणितात त्याच्याहून पुढे. पण मला कधी कोणी नोट हातात देऊन पाठवले नाही, त्यामुळे माझ्याकडून ती हरवलीही नाही. घरात सगळे मला 'शहाणी मुलगी' म्हणत, कारण माझ्याकडून चूक होत नसे. आज वाटते, त्या हरवलेल्या नोटेने भावाला जे दिले ते मला कधी मिळालेच नाही. चुकले तरी पुन्हा आपल्यालाच पाठवतील, हा भरवसा त्याला त्यातून मिळाला.

आत्मविश्वास हा काही जन्मजात गुण नव्हे. ती सवय आहे, आणि सवय लागायला संधी आणि चुकण्याची मुभा या दोन्ही गोष्टी लागतात. मुलाच्या वाट्याला दोन्ही न मागता येतात. मुलीला संधी दिलीच तर अट असते, 'बघ हं, नाव घालवू नकोस.' एका मुलीची चूक पुढच्या दहा मुलींच्या आड येते. गावातली एक पोरगी शहरात शिकायला गेली आणि तिने मनाने लग्न केले, की पुढची पाच वर्षे त्या गावच्या मुलींचे शिक्षण बारावीला थांबते. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. अशा हवेत वाढलेली बाई 'मला जमणार नाही' म्हणते तेव्हा तिला चूक परवडणार नसते. हे तिला लहानपणापासून नीट ठाऊक असते.

शिकल्यावर हे सुटत असेल असे कोणाला वाटेल. तसेही होत नाही. १९७८ साली अमेरिकेत पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या पदव्या मिळवलेल्या, आपापल्या क्षेत्रात नाव असलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांचा अनुभव त्यांच्यासमोर होता. यातल्या कितीतरी जणींना मनातून वाटत होते की आपण तोतया आहोत, नशिबाने किंवा कोणाच्या तरी चुकीने इथवर आलो, आणि एक ना एक दिवस पकडले जाऊ. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला धक्का बसला होता. समाजकार्याच्या पदव्युत्तर परीक्षेत मला चांगले गुण मिळाले तेव्हा 'पेपर सोपा होता' हेच मी सर्वांना सांगितले होते. पहिली नोकरी लागली ती 'बाईंच्या ओळखीने'. गावातले एखादे काम यशस्वी झाले तर 'तिथल्या बायाच चांगल्या होत्या'. अपयश आले की मात्र ते पूर्ण माझे. हा हिशेब एकट्या माझ्या वहीत नसून हजारो बायकांच्या वहीत आहे, म्हणजे दोष हिशेब लिहिणारीचा नव्हे. ही वही ज्याने शिकवली त्याच्याकडे पाहायला हवे. ज्या घरात, शाळेत, कचेरीत बाईचे यश अपवाद मानले जाते, तिथे ती स्वतःही ते अपवादच मानणार.

आपल्या मागे उभ्या असलेल्या

यावर उपाय म्हणून आपण शिबिरांतून थोर स्त्रियांच्या गोष्टी सांगतो. आमच्या जिल्ह्यात तर हमखास सिंधुताई सपकाळांची. १९४८ साली वर्ध्याजवळच्या पिंपरी मेघे इथे त्या जन्मल्या. चौथीपर्यंत शाळा, बालवयात लग्न, गरोदरपणात घराबाहेर काढले जाणे, भीक मागून जगणे आणि त्यातून अनाथ मुलांची माय होणे. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजी त्या गेल्या. आमच्या मातीतली ही बाई, तिचा अभिमान आहेच. पण गोष्ट संपल्यावर बायांच्या चेहऱ्याकडे मी पाहत आले आहे. डोळ्यांत पाणी असते, आणि मग कोणीतरी हळूच म्हणते, "थे मोठी बाई होती जी. आपल्याच्यानं का होते?" म्हणजे ज्या गोष्टीने धीर यावा तिनेच बाई आणखी लहान होते. कारण आपण गोष्ट चमत्कारासारखी सांगतो. आज दुःख, उद्या पद्मश्री. मधली वर्षे आपण गाळतो. तेव्हा कोणी भाकर दिली, कोणी आसरा दिला, कोणते पाऊल चुकले, यातले काही सांगत नाही.

मधली वर्षे धरून काही आयुष्यांकडे पाहू या. दूर जायला नको, नागपूर-वर्ध्यातलीच घेऊ.

जाईबाई चौधरी १८९२ साली उमरेडला एका महार कुटुंबात जन्मल्या. दुष्काळात कुटुंब नागपूरला आले. पुढे नागपूर ते कामठी लोकांचे सामान डोक्यावरून वाहण्याचे काम त्यांनी केले. एका मिशनरी बाईने त्यांना लिहायला-वाचायला शिकवले आणि शिक्षिकेची नोकरी मिळवून दिली. अस्पृश्य बाई शिकवते हे कळल्यावर सवर्ण पालकांनी विरोध केला आणि ती नोकरी टिकली नाही. 'आपली ती लायकी नाही' हे त्यांना एखाद्या टोमण्यातून नाही, सगळ्यांसमोर जाहीरपणे ऐकवले गेले. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. त्या क्षणी त्यांच्या मनात शंका नसेल असे मला वाटत नाही. पण लायकी ठरवणाऱ्यांच्या दारात पुन्हा उभे राहण्यापेक्षा स्वतःचे दार उघडावे, हे त्यांनी ठरवले. त्यांना एका बाईने अक्षर दिले होते, त्यांनी ते पुढच्या मुलींना दिले. वीस वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, त्याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली आणि हजारो बाया जमल्या. त्या गर्दीमागे अशा कित्येक शाळा, वस्त्या आणि बैठका होत्या.

कमलाबाई होस्पेट यांना ऐन पोरवयात वैधव्य आले. त्या काळच्या विधवेचे आयुष्य म्हणजे माजघराचा कोपरा. त्यांनी नागपूरच्या डफरीन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. बाळंतपणे करणे हे तेव्हा उच्चवर्णीय घरात हलके काम समजले जाई. १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्या साथीने त्यांनी मातृसेवा संघ सुरू केला. या दोघी होत्या हे लक्षात घ्या. मी समाजकार्य शिकले ती नागपूरची संस्था याच संघाने १९५८ मध्ये काढली. दोन वर्षे तिथे वावरले, पण एक विधवा मुलगी पहिल्यांदा रुग्णालयाच्या पायऱ्या चढली तेव्हा तिचे पाय कापले असतील का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तिची शंका मी गाळली, म्हणूनच ती माझी वाटली नाही.

आणि आमच्या वर्ध्याच्या जानकीदेवी बजाज. जन्म १८९३ साली जावरा इथला. १९०२ मध्ये, अगदी लहान वयात, जमनालाल बजाजांशी लग्न होऊन वर्ध्याच्या श्रीमंत मारवाडी घरात आल्या. पडदा, दागिने, सोवळे-ओवळे. पुढे पडदा सोडला, सोने सोडले, सूत कातायला घेतले, गावोगाव फिरल्या. जुलै १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले झाले, त्या कामात त्या होत्या. १९४२ मध्ये जमनालालजी गेल्यावर गोसेवा संघाचे अध्यक्षपद त्यांनी घेतले. विनोबांच्या भूदानाबरोबर कूपदानाचे, म्हणजे शेतात विहिरी मिळवून देण्याचे काम केले. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जानकीदेवींच्या पाठीशी पैसा होता. पडदा सोडायला सांगणारे नवरा आणि गांधीजी होते. पुरुषांनीच दार उघडून धरले होते. जिच्यासाठी कोणी दार धरत नाही तिचे काय? तरीही त्यांच्या आयुष्यातून एक शिकण्यासारखे आहे. त्या एका रात्रीत सभा गाजवणाऱ्या झाल्या नाहीत. आधी चेहऱ्यावरचा पडदा, मग अंगावरचे सोने, मग घराचा उंबरठा, मग गाव, अशी एकेक गोष्ट सुटत गेली. प्रत्येक पायरीवर थोडी भीती कमी झाली असेल, आणि पुढच्या पायरीपाशी नवी उभी राहिली असेल.

पवनारची गोष्ट तर आणखी वेगळी. धाम नदीच्या काठी १९५९ मध्ये विनोबांनी बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. तिथले ब्रह्मचर्य, अध्यात्म आपल्यातल्या अनेकींना पटणार नाही, मलाही सगळे पटत नाही. पण त्या काळात तिथे येऊन राहिलेल्या तरुण मुलींनी शेत कसले, स्वयंपाक केला, छापखाना चालवला, 'मैत्री' मासिक काढले आणि निर्णय सर्वानुमतीने घेतले. व्यवस्थापक पुरुष नाही, आणि 'मोठ्या बाई'ही नाहीत. जिथे सगळ्या कामांची पाळी सगळ्यांवर येते, तिथे 'मला हे येत नाही' हे वाक्य फार दिवस टिकत नाही. आपल्या संस्था, ज्या समानतेवर इतके बोलतात, त्यांच्यापैकी किती ठिकाणी अशी पाळी आहे?

शंका नेहमी खोटी नसते

आता दुसरी बाजू. 'स्वतःवर विश्वास ठेव, स्वप्ने पाहा' हे आजकाल सगळीकडून ऐकू येते. शीतपेय विकणारेही तेच सांगतात आणि कर्ज वाटणारेही. त्यात एक लबाडी आहे. सगळा अडथळा बाईच्या मनात आहे असे एकदा ठरवले, की बाहेरच्या अडथळ्यांबद्दल बोलायला नको.

ताराबाई शिंदे आठवा. आपल्या विदर्भातल्याच, बुलढाण्याच्या. १८८२ साली त्यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' छापले गेले. त्या लेखणीत शंकेचा लवलेश नाही. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण टीका झालीच. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्या हाती नाही. हे पुस्तकही विस्मृतीत गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापले तेव्हा लोकांना ते ठाऊक झाले. मधली ९३ वर्षे कोणाच्या न्यूनगंडाने गेली? ताराबाईंच्या तर नक्कीच नाही.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते, आणि तो सांगताना आजही अपराधी वाटते. पंचायतीत स्त्रियांना आधी एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या. त्या निम्म्या जागांपैकी एकीवर आमच्या गटातली एक तरुण बाई सरपंच झाली. ती नको म्हणत होती. मी तिच्या घरी तीन वेळा गेले, तिची समजूत काढली. ती निवडून आली, कामही चांगले करू लागली. मग एका कंत्राटाच्या बिलावर तिने सही नाकारली. पुढच्या काही महिन्यांत तिच्याविरुद्ध अविश्वास ठराव आला. सभेच्या दिवशी मी दुसऱ्या तालुक्यात प्रशिक्षण घेत होते. विषय होता, 'महिला नेतृत्व'. ठराव मंजूर झाला. नंतर भेटले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "ताई, मी पयलेच सांगतलं होतं." तिची शंका तिच्या मनाचा दुबळेपणा नव्हती. तिला आपले गाव माहीत होते. मला ते तिच्याइतके माहीत नव्हते. मी तिला धीर दिला आणि सोबत दिली नाही.

तेव्हापासून कोणी बाई 'जमणार नाही' म्हणाली की मी आधी विचारते, काय जमणार नाही? उत्तरे फार साधी असतात. शेवटची एस.टी. पाचला आहे. लहान लेकराला कोणाजवळ ठेवू? तहसिलीत बायकांसाठी संडास नाही. नवरा मारेल. एक दिवसाची मजुरी बुडते. यातली एकही गोष्ट भाषणाने सुटणारी नाही. आणि ही यादी संपल्यावर जे उरते, ती खरी स्वतःबद्दलची शंका. ती आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच लहान असते.

याचा पुरावा आपल्याच गावांत आहे. वर्धा हा विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. २००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज आले त्यात आपला जिल्हा होता. त्या घरांतल्या बाया बघा. नवरा असेपर्यंत जिला कोणी सातबारा दाखवला नव्हता, ती आज तलाठ्याकडे फेरफारासाठी खेटे घालते, बँकेत कर्जाचे कागद वाचून घेते, कपाशी की सोयाबीन हे ठरवते, मापात काटा मारला तर व्यापाऱ्याशी भांडते. 'तिला काय समजते' म्हणणारे दीर-भासरे तेच आहेत. म्हणजे समज होती, वावच नव्हता. तो मिळायला घरातला कर्ता माणूस मरावा लागतो, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

मग करायचे काय?

२०११ मध्ये महाराष्ट्रात 'उमेद' अभियान सुरू झाले. त्यात गावातल्याच अनुभवी बाया 'वर्धिनी' म्हणून चार-पाच जणींच्या चमूने दुसऱ्या गावी पंधरा-पंधरा दिवस फेरीला जातात आणि तिथल्या बायांचे गट उभे करतात. सरकारी कामातल्या उणिवा मला माहीत आहेत, कर्जाच्या हप्त्यांखाली दबलेले गटही पाहिले आहेत. पण ही एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. आमच्या ओळखीची एक वर्धिनी सांगत होती, पहिल्या फेरीला निघताना ती बसस्टँडवरून परत फिरणार होती. सोबतच्या बाईने पिशवी धरून ठेवली. पहिल्या घरी तिला नावही नीट सांगता आले नाही. पाचव्या घरी एका म्हातारीने चहा पाजला. पंधराव्या दिवशी तिने गावसभेत बोलून दाखवले. घरी आली तर नवऱ्याने भाकरी थापायला शिकून घेतले होते, 'जाड थापते पन खाता येते.' तिला कोणी आत्मविश्वासाचे प्रशिक्षण दिले नव्हते. काम दिले, सोबत दिली, मानधन दिले आणि पंधरा दिवस घरापासून दूर ठेवले.

यावरून आपल्या गटांपुढे, संस्थांपुढे काही गोष्टी ठेवाव्याशा वाटतात.

पहिली, आत्मविश्वासावरची भाषणे कमी करू या. त्या वेळात बँकेची पावती भरू या, माहिती अधिकाराचा अर्ज लिहू या, स्कूटी चालवून बघू या. हाताला आले की मनाला पटते.

दुसरी, कोणाही बाईला एकटीने पुढे ढकलायचे नाही. पद देताना दोघींना द्यावे. ग्रामसभा असेल, तहसील असेल, पोलीस ठाणे असेल, सोबत कोण जाणार हे आधी ठरवावे.

तिसरी, चुकीची मुभा लिहून ठेवावी. हिशेबात पहिल्या वर्षी चूक झाली तर ती गटाची, एकट्या बाईची नाही, असा ठराव करायला काय हरकत आहे? माझ्या भावाला न मागता मिळाले ते आपण आपल्या मैत्रिणीला ठराव करून देऊ शकतो.

चौथी थोडी कडू आहे. आपल्या संस्थांतही बोलणाऱ्या ठरलेल्या आणि ऐकणाऱ्या ठरलेल्या असतात. पदवीवाल्या 'साधन व्यक्ती', गावातल्या 'लाभार्थी'. मंचावर आम्ही, सतरंजीवर त्या. दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या कार्यकर्त्या वर्षानुवर्षे क्षेत्रकार्यातच राहतात आणि अहवाल लिहायला दुसरी कोणी येते. हे असेच चालू ठेवून वर त्यांना न्यूनगंडावर व्याख्यान देणे बरोबर नाही. पाळी लावावी. माझ्याही खुर्चीची.

आणि पाचवी, आपण आपल्या शंका एकमेकींना सांगू या. ज्येष्ठ कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, तुमच्या लढ्याच्या गोष्टी सांगता तेव्हा आदल्या रात्री झोप लागली नव्हती तेही सांगा. आम्हाला तेच ऐकायचे आहे.

बैठकीनंतर आठवडाभराने मी आमच्या ताईंकडे गेले. म्हटले, जबाबदारी घेते, पण तीन गोष्टी हव्यात. पहिले वर्ष दोघींनी मिळून काम करायचे. निधीचे आणि लेखापरीक्षणाचे काम मला नीट शिकवायचे. आणि माझ्या चुका सर्वांसमोर मांडायच्या, पाठीमागे नाही. ताई हसल्या. म्हणाल्या, "मला वाटलं होतं तू कायमचं नाही म्हणालीस." त्यांनीही आपली सुरुवातीची वर्षे सांगितली. बारा वर्षे त्यांच्याबरोबर काम करून ती मी पहिल्यांदा ऐकली.

काम सुरू होऊन आता वर्ष होत आले. शंका गेली असे मी म्हणणार नाही. प्रत्येक मोठ्या बैठकीआधी ती येते. पण आता तिला उत्तर द्यायला मी एकटी नसते.

त्या गावच्या बाईचे काय झाले, असे विचाराल. ती अध्यक्ष झाली नाही. म्हणाली, "पयले कोषाध्यक्ष होतो. सहा महिने पाहतो, मंग सांगतो." मी आग्रह धरला नाही. तिची पायरी तिने निवडली होती. निघताना फाटकापर्यंत पोचवायला आली आणि विचारले, "ताई, सोमवारी खात्यावर सही बदलायले जा लागते. बँकेत माह्यासंगं कोन येते?"

या वेळी मी भाषण केले नाही. सोमवारी अकरा वाजता बँकेच्या दारात तिची वाट पाहत उभी राहिले.